लेखकाचा एकांत

पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताचे विक्षेप नऊ सांगितले आहेत. व्याधी, मनाची जडता, संशय, प्रमाद, आळस, विषयांची ओढ, भ्रम, इच्छिलेली पायरी हाती न लागणे आणि लागलीच तर तिच्यावर टिकून न राहणे, अशी ती यादी आहे. लेखनाला बसणाऱ्या कोणाही माणसाने ती एकवार वाचावी. आपली सारी कुंडली कोणीतरी फार पूर्वीच मांडून ठेवली आहे, असे त्याला वाटल्यावाचून राहणार नाही. परंतु ह्या यादीत एक गोष्ट आढळत नाही. तीत गोंगाट नाही. शेजाऱ्याचा कोंबडा नाही, रस्त्यावरचा वाजंत्री नाही, भलत्या वेळी दार ठोठावणारा पाहुणा नाही. नऊच्या नऊ विक्षेप माणसाच्या आतले आहेत.

लेखकवर्गाला हे मत फारसे मानवलेले दिसत नाही. आपल्याला थोडी शांतता लाभली असती तर आपण काय काय लिहून ठेवले असते, ही कल्पना प्रत्येक लेखकाला प्रिय असते, आणि ती खोडून काढण्याची सोय नसल्यामुळे ती जन्मभर टिकतेही. म्हणून ज्यांना अशी शांतता खरोखरच मिळाली, कोणाला पैसे मोजून तर कोणाला शिक्षा म्हणून मिळाली, अशा काही जणांच्या खोल्यांत आपण आज डोकावून पाहू. तेथे लेखन कसे झाले हे तर पाहावयाचेच. पण त्या एकांताचे मोल कोणाच्या पदरचे गेले, हेही पाहावयाचे. हा दुसरा प्रश्न चरित्रकार सहसा विचारीत नाहीत.

लंडनच्या पश्चिमेस थेम्स नदीच्या काठी चेल्सी नावाची वस्ती आहे. तेथील चेनी रो ह्या गल्लीतील एक घर टॉमस कार्लाइल ह्या स्कॉटिश ग्रंथकाराने १८३४ साली भाड्याने घेतले आणि १८८१ साली मृत्यू येईपर्यंत तो तेथेच राहिला. ह्या घरात आल्यावर त्याने फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास लिहावयास घेतला. पहिला खंड पुरा झाल्यावर ते हस्तलिखित त्याने आपला मित्र जॉन स्टुअर्ट मिल ह्याला वाचावयास दिले. मार्च १८३५ मध्ये मिल पांढऱ्याफटक चेहऱ्याने दारात येऊन उभा राहिला. हस्तलिखित जळून गेले होते. मोलकरणीने रद्दी समजून ते विस्तवात घातले, असे सांगण्यात आले. कार्लाइलपाशी मूळ टिपणेही उरली नव्हती. त्याने तो खंड पुन्हा पहिल्यापासून लिहून काढला, आणि १८३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्याच ग्रंथाने त्याची कीर्ती झाली. हे सारे त्याच घरात, साध्या खोलीत, रस्त्यावरचा आवाज कानी पडत असतानाच घडले. पुढील हकीगत ऐकताना एवढे ध्यानात ठेवावे.

वय वाढले तसे कार्लाइलचे कान अधिक तिखट होत गेले. शेजारच्या घरात पियानो वाजे. पलीकडच्या अंगणात कोंबडे पाळलेले होते, आणि कोंबड्याला आरवण्याची जी निश्चित वेळ आपण मानतो ती चेल्सीतील कोंबडे मानीत नसत. रस्त्यावरून हातपेटी फिरवीत इटालियन वाजंत्री जात. कार्लाइल तेव्हा प्रशियाचा राजा फ्रेडरिक ह्याचे चरित्र लिहावयास बसला होता. विषय अफाट, जर्मन कागदपत्रांचा डोंगर समोर, आणि लेखकाचे मन मात्र त्या राजावर पुरतेपणी बसत नव्हते. अशा वेळी पहिला संशय कोंबड्यावर जातो. १८५३ साली त्याने घराच्या माथ्यावर एक ध्वनिरोधक खोली बांधवून घेण्याचे ठरविले. भिंती दुहेरी, मध्ये हवेची पोकळी, आणि प्रकाशासाठी छपरातच काचेचा झरोका. अंदाजी खर्च सुमारे १७० पौंड; त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

खोली तयार झाली आणि ती घरातील सर्वांत गोंगाटाची खोली ठरली. जवळचे आवाज भिंतींनी अडविले हे खरे. पण ते अडल्यामुळेच दूरचे आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागले. आगगाडीच्या शिट्या, नदीवरचे भोंगे, चर्चच्या घंटा ह्यांची आजवर कोणी दखल घेतली नव्हती. आता त्या छपरातून थेट टेबलावर उतरू लागल्या. कार्लाइलने ह्याबद्दल पुढे फार कडवटपणे लिहिले आहे. तरीही ती खोली त्याने सोडली नाही. फ्रेडरिकचे सहा खंड १८५८ ते १८६५ ह्या काळात बाहेर पडले. त्यांच्यापायी त्याच्या आयुष्याची बारा-तेरा वर्षे गेली, आणि त्यांतील बराच काळ तो ह्या माळ्यावर होता. माझ्यापुरते विचाराल तर साध्या खोलीत लिहिलेली राज्यक्रांती आजही वाचवते. ध्वनिरोधक खोलीतला फ्रेडरिक वाचावयास वाचकालाच ध्वनिरोधक खोली लागते.

आता ह्या शांततेची व्यवस्था पाहणारी व्यक्ती कोण होती ते पाहू. जेन वेल्श कार्लाइल ही त्याची पत्नी विलक्षण बुद्धिमान होती. शेजाऱ्यांकडे जाऊन कोंबड्यांबद्दल बोलणी करण्याचे काम तिचे. वेळप्रसंगी पैसे देऊन कोंबडे हलवून घेण्याची तोड काढणारीही तीच. नवऱ्याच्या लेखनाच्या वेळी दारापाशी आलेल्या माणसाला परतवून लावणे, गवंडी-सुतारांवर देखरेख करणे, मोलकरणी ठेवणे, काढणे आणि पुन्हा ठेवणे, हे सारे तिच्याकडे होते. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिने एक गमतीदार लेख लिहून नवऱ्याच्या टेबलावर ठेवला. पार्लमेंटात अर्थमंत्री अंदाजपत्रक मांडतो त्या थाटात तिने घरखर्चाचे अंदाजपत्रक मांडले होते : महागाई कशी वाढली, नवे कर कोणते, मोलकरणीचा खर्च किती, आणि हाती येणारी रक्कम पुरत का नाही. नवरा माळ्यावर प्रशियाच्या तिजोरीचा हिशेब लिहीत होता, आणि खाली चेनी रोच्या तिजोरीचा हिशेब हा असा मांडला जात होता. कार्लाइलने तिच्या चातुर्याचे तोंडभर कौतुक केले आणि रक्कम वाढवून दिली. ते अंदाजपत्रक आज वाचले तर हसू येते, आणि हसता हसता मनाला काही लागतेही. असे गद्य लिहिणाऱ्या ह्या बाईने एकही ग्रंथ लिहिला नाही; तिची पत्रे तेवढी मागे राहिली.

ग्रंथ संपला आणि एप्रिल १८६६ मध्ये एडिंबरो विद्यापीठात कार्लाइलचा मोठा सन्मान झाला. तो अजून स्कॉटलंडमध्येच होता, तोच २१ एप्रिलला लंडनच्या हाइड पार्कमध्ये घोडागाडीत बसल्या जागी जेनचा मृत्यू झाला. नंतर तिची पत्रे आणि रोजनिशी कार्लाइलने वाचली. ज्या घरात तो इतकी वर्षे आवाज ऐकू येऊ नयेत म्हणून धडपडत होता त्याच घरात एक माणूस त्याच्या शेजारी किती एकाकी होते, हे त्याला त्या कागदांत दिसले. उरलेल्या आयुष्यातील बराच वेळ त्याने त्या पत्रांना टिपा जोडण्यात घालविला. ती पत्रे त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाली. चेनी रोमधील ते घर पुढे स्मारक म्हणून जतन करण्यात आले असून ती माळ्यावरची खोली पाहावयास लोक जिना चढून जातात.

शांततेचे मोल घराबाहेरही कोणीतरी देत होते. गणनयंत्राचा आद्य कल्पक चार्ल्स बॅबेज हा रस्त्यावरच्या वाजंत्र्यांचा हाडवैरी होता. त्यांनी आपले काम किती वेळा मोडले ह्याची तो नोंद ठेवी. डिकन्सने पुढाकार घेऊन एक निवेदन केले, त्याच्यावर टेनिसन, कार्लाइल आदी नामवंतांच्या सह्या झाल्या, आणि १८६४ साली पार्लमेंटने वाजंत्र्यांना घरापुढून घालवून देण्याचा अधिकार लंडनच्या गृहस्थांना देणारा कायदा केला. बुद्धिजीवींच्या पोटाचा प्रश्न हातपेटीमुळे अडला होता हे खरे असेल. पण हातपेटीवाल्यांच्या पोटाचाही तोच प्रश्न होता, आणि त्यांच्या वतीने सह्या करावयास कोणी कवी पुढे आला नाही.

विकत घेतलेल्या एकांताची ही कथा झाली. लादलेल्या एकांताची कथा आपल्याला अधिक जवळची आहे.

पुण्याच्या गायकवाड वाड्यात लोकमान्य टिळकांच्या भोवती माणसांचा राबता असे. ‘केसरी’ मंगळवारी निघावयाचा म्हणजे निघावयाचाच. अग्रलेख टिळक बहुधा तोंडाने सांगत आणि दुसरा कोणी उतरून घेई. अशा जीवनक्रमात वृत्तपत्र चालते, चळवळ चालते. मोठा ग्रंथ मात्र होत नाही. त्यांच्या संशोधनाला सलग अवकाश मिळाला तो बहुतेक सरकारच्या कृपेने. १८९७-९८ च्या कारावासात वेदकालाचा विचार पुढे सरकला. २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात नेऊन ठेवण्यात आले, तेथे ‘गीतारहस्य’ झाले.

ही खोली कार्लाइलच्या खोलीच्या अगदी उलट होती. तिला भिंती म्हणाव्यात तर लाकडी दांड्यांच्या, पिंजराच तो. उन्हाळ्याची आग, हिवाळ्याचा गारठा आणि धुळीचे लोट ह्यांना आत यावयास कोणाची परवानगी लागत नव्हती. जवळ एक कैदी स्वयंपाकासाठी दिलेला, तो सातारा जिल्ह्यातला कुलकर्णी. टिळकांच्या त्या दिवसांविषयी आपल्याला जे कळते त्यातील पुष्कळसे त्याच्या आठवणींतून कळते. ह्या अनाम राहू शकणाऱ्या माणसाने मधुमेही टिळकांचे पथ्य सांभाळले, हेही त्या ग्रंथाच्या जमाखर्चात धरले पाहिजे.

लेखनसाहित्याविषयी सुटून आल्यावर टिळकांनी जी माहिती दिली ती फार बोलकी आहे. पुस्तके आधी सर्व जवळ ठेवू दिली होती. मग एका वेळी चारच असा हुकूम निघाला. तक्रार केल्यावर पुन्हा सर्व मिळाली, आणि सुटकेच्या वेळी त्यांची संख्या साडेतीनशे ते चारशे होती. कागद सुटे मिळत नसत. बांधलेल्या वह्या मिळत, त्यांची पाने मोजून त्यांवर दोन्ही बाजूंनी आकडे घातलेले असत. शाई नाही. शिसपेन्सिली मिळत, त्याही टोके करून दिलेल्या. चाकू कैद्याच्या हाती जाऊ नये आणि एकही पान बाहेर जाऊ नये, एवढाच सरकारचा हेतू. पण ह्याचा लेखनावर काय परिणाम होतो पाहा. पान फाडता येत नाही. चुकीचा आरंभ चुरगाळून टोपलीत टाकता येत नाही. खोडलेली ओळसुद्धा आकड्यासह सरकारदरबारी जमा व्हावयाची. अशा वहीत लिहिणाऱ्याला वाक्य आधी डोक्यात पुरे करावे लागते. लेखकाची पुष्कळशी चंचलता कागदाच्या मुबलकपणातून येते, असे माझे मत आहे, आणि मंडालेच्या वह्या त्याला साक्ष आहेत.

२ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ ह्या पाच महिन्यांच्या आत तो प्रचंड ग्रंथ पेन्सिलीने लिहून झाला. हा वेग ऐकून आपण थक्क होतो, पण त्यात थोडी फसगत आहे. १८७२ साली वडील अंथरुणाला खिळले असता त्यांना गीतेवरची मराठी टीका वाचून दाखविण्याचे काम सोळा वर्षांच्या टिळकांकडे आले होते; तेव्हा उठलेली शंका त्यांनी अडतीस वर्षे मनात वागविली. पाच महिन्यांत लेखन झाले; विचार गायकवाड वाड्याच्या गर्दीतच चालू होता. म्हणूनच १९१४ मध्ये सुटका झाल्यावर हस्तलिखिते सरकारने अडकवून ठेवली आणि ती परत मिळतील की नाही ह्याची इतरांना काळजी पडली, तेव्हा टिळक निश्चिंत होते. वह्या सरकारजवळ असल्या तरी ग्रंथ डोक्यात आहे, सिंहगडावर बसून पुन्हा लिहून काढीन, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. कार्लाइलने जे एकदा करून दाखविले होते ते करण्याची टिळकांची तयारी होती. तशी वेळ आली नाही. वह्या परत मिळाल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तुरुंगात पाठविले की ग्रंथ निर्माण होतो, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. अंदमानात सावरकरांना कागद मिळत नव्हता. कविता भिंतीवर कोराव्या आणि पाठ कराव्या लागत. ज्यांनी काहीच लिहिले नाही, जे नुसते झिजले, त्यांची गणती तर कोणीच ठेवलेली नाही.

आणि मंडालेच्या एकांताचे मोल पुण्यात मोजले जात होते. सत्यभामाबाई तेथे होत्या. प्रकृती खालावलेली, पती समुद्रापलीकडे, सहा वर्षांचा काळ पुढे. ‘गीतारहस्या’चे लेखन संपून वर्ष-सव्वा वर्ष झाले होते आणि सुटकेला दोन वर्षे उरली होती, तेव्हा जून १९१२ मध्ये त्या वारल्या. टिळकांना ही वार्ता मंडालेत तारेने कळली. कर्मयोगाचा ग्रंथ लिहिलेल्या माणसाने ती कशी सोसली ह्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. सत्यभामाबाईंनी ती चार वर्षे कशी सोसली, ह्याविषयी लिहावयास आपल्यापाशी फारशी सामग्रीही नाही. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली; तुरुंगातील लेखणीने घरातल्या बाईचे ऋण फेडण्याचा असा प्रसंग विरळाच.

तिसरी खोली अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यातली. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना तेथे आणून ठेवले. जवाहरलाल नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर ह्या काळात ‘भारताचा शोध’ येथेच लिहिला, सुमारे हजार हस्तलिखित पाने. तो ग्रंथ सर्वांना ठाऊक आहे. त्याच किल्ल्यात त्याच्याही आधी मौलाना अबुल कलाम आझाद एक वेगळेच लेखन करीत होते. ते पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत, चिनी चहा स्वतःच्या हाताने, दुधाशिवाय तयार करीत, आणि सारा किल्ला झोपेत असताना आपले स्नेही नवाब सदर यार जंग ह्यांना पत्रे लिहीत. ती पत्रे टपालात पडणार नव्हती, हे लिहिताना त्यांना ठाऊक होते.

मार्च १९४३ मधील दोन पत्रांचा विषय आहे चिमण्या. मौलानांच्या खोलीच्या जुन्या छतात चिमण्यांनी घरटी बांधली होती. काड्या, पिसे, कचरा ह्यांचा पाऊस खाली पडे आणि चिवचिवाटाने काम अशक्य होई. लिहिणाऱ्या माणसाने जे करावयाचे तेच मौलानांनी केले : लांब बांबू घेऊन युद्ध पुकारले. चिमण्या पळाल्या, परत आल्या. पुन्हा पळाल्या, पुन्हा परत आल्या. अखेर विद्वानाने हार मानली आणि तहाची बोलणी सुरू केली. तांदळाचे दाणे आधी दूर ठेवले, मग जवळ, मग आणखी जवळ. लिहिणारा हलेनासा झाला तशी चिमण्यांची भीड चेपली, आणि शेवटी त्या हातावर येऊन दाणे टिपू लागल्या. मौलानांनी त्यांना नावे दिली. एकीचे नाव मोती, एक कलंदर, एक मुल्ला. कार्लाइलने कोंबड्यापासून बचाव करण्यासाठी दुहेरी भिंत बांधली आणि त्याच्या हाती वैताग आला. मौलानांनी विक्षेपालाच विषय केले आणि उर्दू गद्यातील दोन नितांतसुंदर पत्रे झाली. ह्यात स्वभावाचा भाग आहे, हे मान्य. सर्वांना हे साधणार नाही.

पण तेही सर्वकाळ साधले नाही. ऑगस्ट १९४२ च्या आरंभी मौलाना कलकत्त्याहून मुंबईस निघाले तेव्हा त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम आजारी होत्या, तरी निरोप द्यावयास दारापर्यंत आल्या होत्या. पुढे दुखणे वाढत गेले. सरकारकडे काही लिहावयाचे असल्यास पोहोचवीन, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचविले. मौलानांनी नकार दिला. ज्या सरकारशी झगडा त्याच्यापाशी स्वतःसाठी काही मागावयाचे नाही, हा त्यांचा निश्चय. ९ एप्रिल १९४३ रोजी कलकत्त्यास झुलेखा बेगम वारल्या. ११ एप्रिलच्या पत्रात मौलानांनी त्या दिवसांचे वर्णन केले आहे. जेवणाच्या वेळी ते नेहमीप्रमाणे टेबलापाशी येत होते. वर्तमानपत्र आले की काळजाचा ठोका चुकत होता. आणि चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून दिनक्रमात रेसभरही बदल होऊ देत नव्हते. हा सारा बाह्य देखावा होता, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पतंजलींच्या यादीत हा विक्षेप कोठे बसतो, ते मला सांगता येत नाही.

जून १९४५ मध्ये मौलानांची सुटका झाली. हावडा स्टेशनवर स्वागताला अलोट गर्दी लोटली होती. मोटार पुलावर आली तेव्हा त्यांना दारात उभी राहिलेली पत्नी आठवली, आणि त्यांनी गाडी घराकडे न नेता आधी कबरस्तानाकडे वळवावयास सांगितले. ती पत्रे ‘गुबार-ए-खातिर’ ह्या नावाने १९४६ मध्ये छापून निघाली. चिमण्यांची पत्रे आणि झुलेखा बेगमांच्या मृत्यूचे पत्र ह्यांच्यामध्ये त्या पुस्तकात थोड्याच पानांचे अंतर आहे.